समोर कोण बसलं होतं? आदेलाईद लाबीय-गियारचं आयुष्य वाचताना

प्रश्न थोडक्यात असा. कलामहाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला प्रबंधासाठी अठराव्या शतकातली फ्रेंच चित्रकर्ती आदेलाईद लाबीय-गियार घ्यायची आहे. तिच्या शंका तीन. जिथे बघावं तिथे या बाईंचं नाव तिच्याच काळातली चित्रकर्ती एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँच्या शेपटासारखं येतं, मग हिच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही आहे का? हिच्या चित्रांवर फ्रांस्वा-आंद्रे व्हँसाँ या चित्रकाराचा हात फिरायचा असं म्हणतात, त्याचं काय करायचं? आणि राजाच्या आत्यांची चित्रं काढणारी बाई चार वर्षांत क्रांतीचा पुढारी रोबेस्पियरला समोर बसवते, तर तिला संधिसाधू म्हणायचं का?

माझा धंदा पोर्ट्रेटचा. पेस्टल आणि तैलरंग दोन्ही करतो, शिकवतो, आणि जुन्या पोर्ट्रेटकारांची कागदपत्रं वाचण्याची हौस आहे. त्या नजरेतून उत्तर देतो. कलेतिहासाचे प्राध्यापक कदाचित वेगळ्या टोकापासून सुरुवात करतील, आणि तुमचा प्रबंध शैलीवर असेल तर तुम्हीही करा. पण प्रबंध तिच्या आयुष्यावर आणि कारकिर्दीवर असेल, तर मला वाटतं तुमच्या तिन्ही शंका एकाच ठिकाणी अडकल्या आहेत. तिच्याकडे सगळे कुणाची तरी स्पर्धक, कुणाची तरी प्रेयसी किंवा कुठल्या तरी पक्षाची म्हणून बघतात. ती मुळात पोट भरणारी पोर्ट्रेटकार होती. पोर्ट्रेटकाराचं आयुष्य वाचायचं तर आधी एक यादी करावी लागते: कोणत्या वर्षी समोर कोण बसलं, आणि त्याला तिथे का बसावंसं वाटलं. ही यादी केलीत की बाकीचं बरंच सुटतं.

सुरुवात पटकन सांगतो. जन्म 1749, पॅरिस. वडील क्लोद-एद्म लाबीय यांचं फॅशनच्या कपड्यांचं, लेस-फितींचं दुकान होतं. पुढे पंधराव्या लुईची प्रेयसी म्हणून गाजलेली मादाम द्यु बारी तरुणपणी याच दुकानात कामाला होती. आठ भावंडांत आदेलाईद धाकटी. चित्रकाराच्या घरात जन्मलेली नाही, हे अधोरेखित करा, कारण त्या काळात चित्रकार झालेल्या बहुतेक बायका चित्रकाराच्या मुली किंवा बायका असत. बापाच्या स्टुडिओत शिक्षण फुकट आणि बिनबोभाट व्हायचं. हिला शिक्षक शोधावे लागले. शेजारी राहणाऱ्या फ्रांस्वा-एली व्हँसाँकडे मिनिएचर शिकली, मग मोरिस काँतँ द ला तूर या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या पेस्टलकाराकडे पेस्टल, आणि शेवटी पहिल्या गुरूचा मुलगा फ्रांस्वा-आंद्रे व्हँसाँ याच्याकडे तैलरंग. हा लहानपणापासूनचा शेजारी, त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

1769 मध्ये, विशीत, लग्न झालं. नवरा निकोला गियार कारकून होता. साधारण दहा वर्षांत दोघे कायदेशीर वेगळे झाले. कॅथलिक फ्रान्समध्ये घटस्फोट नव्हताच, त्यामुळे वेगळं राहता यायचं, पुन्हा लग्न करता यायचं नाही. मूल नव्हतं. आता ही बाई तिशीत, एकटी, आणि हातात कला. इथून पुढचं प्रत्येक पाऊल मी धंद्याच्या हिशेबाने बघतो.

त्या काळी पॅरिसमध्ये चित्र विकायचं तर कुठल्या तरी संस्थेची सनद लागे. एक होती सँ-ल्युक अकादमी, म्हणजे चित्रकारांच्या जुन्या कारागीर-संघाची अकादमी. तिथे बायकांना प्रवेश होता, आदेलाईद तिथे सदस्य होती, आणि 1774 च्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली होती. दुसरी राजाची अकादमी. मान तिथे, सालों नावाचं मोठं प्रदर्शन तिथलं, मोठी गिऱ्हाइकं तिथली. 1776 मध्ये अर्थमंत्री त्युर्गोने कारागीर-संघ बरखास्त केले आणि सँ-ल्युकची अकादमीही गेली. म्हणजे जिथे तिला चित्रं टांगता येत होती ती भिंतच नाहीशी झाली. उरली राजाची अकादमी, आणि तिथे 1770 मध्ये ठरवून टाकलं होतं की एका वेळी चारपेक्षा जास्त बायका नकोत. बायकांना पुरुष-मॉडेल समोर ठेवून अभ्यास करायची मुभा नव्हती, त्यामुळे ऐतिहासिक-पौराणिक चित्रं, जी सर्वांत वरची श्रेणी मानली जाई, त्यांना जवळपास बंदच. उरतं पोर्ट्रेट, फुलं, वस्तुचित्र.

मग ती काय करते बघा. 1782 च्या आसपास तिने पेस्टलमध्ये एकापाठोपाठ एक पोर्ट्रेटं केली, आणि समोर बसवलं ते राजाच्या अकादमीतल्याच मंडळींना: चित्रकार व्हियँ, शिल्पकार पाजू, बाशलिये, आणखी काहीजण. व्हँसाँचंही. पाजूचं चित्र लुव्ह्रमध्ये आहे, ते नीट बघा. पाजू आपले गुरू लमोआन यांचा अर्धपुतळा घडवतो आहे, बाह्या सरसावलेल्या, हाताला माती. 1783 मध्ये अकादमीत जाताना सादर केलेलं हेच चित्र.

व्हँसाँबद्दलच्या तुमच्या शंकेचं उत्तर मला इथे दिसतं. त्या काळी कुजबुज अशी की हिचं काम व्हँसाँ करतो किंवा निदान सुधारून देतो. आता पोर्ट्रेटकार म्हणून विचार करा. ज्या लोकांनी तुम्हाला अकादमीत घेण्यासाठी मतं द्यायची आहेत, त्यांनाच तुम्ही समोर बसवता. तास-तासभराच्या बैठका. पेस्टलमध्ये लपवायला जागा नसते: रंग सुका, कांडी बोटात, जे काही होतं ते बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. तैलचित्र रात्री कुणी तरी येऊन ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा थर, देऊन सुधारलं तर सकाळी कळणारही नाही. पेस्टलवर दुसऱ्याचा हात फिरला की कागदावरची भुकटी दबते, कांडीचा जोर बदलतो, आणि गालावरच्या जागा मेल्यासारख्या दिसतात. सरावलेला माणूस ते ओळखतो, आणि समोर बसलेले सगळे सरावलेले होते. पाजूने तिला चित्र काढताना पाहिलं होतं, मग तो कुणाच्या कुजबुजीवर कशाला विश्वास ठेवेल? इतका नेमका पुरावा तिने इतक्या योग्य माणसांसमोर उभा केला, याला मी योगायोग म्हणणार नाही.

व्हँसाँ तिचा गुरू होता, पुढे जोडीदार झाला, त्याचा प्रभाव रेखाटनात दिसतोही. गुरूचा प्रभाव सगळ्यांवरच असतो. व्हँसाँच्या पुरुष शिष्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

31 मे 1783 ला ती अकादमीत निवडली गेली. त्याच दिवशी व्हिजे ल ब्रँही. तुमच्या पहिल्या शंकेचं मूळ या तारखेत आहे. दोघी एकाच दिवशी, दोघी पोर्ट्रेटकार, दोघी तरुण. लोकांनी लगेच कुस्ती लावून दिली. पण दारं वेगळी होती. व्हिजे ल ब्रँचा नवरा चित्रांचा व्यापारी, आणि व्यापाराशी संबंध असलेल्याला अकादमीत घ्यायचं नाही असा नियम. तिच्यासाठी राणी मारी आंत्वानेतने राजाकडून शब्द टाकला. लाबीय-गियार मतदानाने आत गेली, आणि ती मतं कशी जमली ते वर सांगितलंच. आधीपासून मादाम व्हियँ आणि आन व्हालायेय-कोस्तेर या दोघी होत्याच. म्हणजे त्या दिवशी चारचा कोटा भरला आणि दार बंद झालं.

त्याच वर्षीच्या सालोंच्या वेळी तिच्याविरुद्ध एक घाणेरडं पत्रक निघालं. व्हँसाँशी नाव जोडून तिच्या चारित्र्यावर आणि कामावर एकदम चिखलफेक. तिने काय केलं? राजाच्या इमारती आणि कलाखात्याचा प्रमुख कॉम्त द आंजिव्हिले, त्याच्या पत्नीला पत्र लिहिलं. मुद्दा असा होता की चित्रं टांगली की कामावर टीका व्हायचीच, ते चालतं. पण बाईच्या अब्रूवर हात टाकला तर तिच्या बाजूने कोण बोलणार? पत्रकाच्या प्रती जप्त झाल्या. हे पत्र प्रबंधात जरूर घ्या. तिने आत्मचरित्र लिहिलेलं नाही, आणि तिच्या आवाजातलं जे थोडं उरलं आहे त्यात हे मोलाचं आहे. व्हिजे ल ब्रँ 1842 पर्यंत जगली, म्हातारपणी सविस्तर आठवणी छापल्या, आणि इतिहासाने बऱ्याच अंशी तिचीच बाजू ऐकली. कोण कुणाच्या शेपटाला लागलं याचं एक साधं कारण हे आहे की एकीने लिहून ठेवलं आणि दुसरीने नाही.

आता 1785 चं मोठं चित्र, 'दोन शिष्यांसह आत्मचित्र'. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उंची 2 मीटरच्या वर, म्हणजे माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. ती ईझलसमोर बसली आहे, निळ्या रेशमी झग्यात, डोक्यावर पिसांची हॅट, हातात पॅलेट आणि ब्रश. मागे दोन मुली: मारी-गाब्रिएल कापे आणि मारी-मार्गरित कारो द रोझमाँ. कॅनव्हासची फक्त पाठ आपल्याला दिसते.

असा झगा घालून कुणी रंगकाम करत नाही. सॅटिनवर तेलाचा एक थेंब पडला की झग्याचं वाटोळं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे चित्र दाखवतो तेव्हा ते आधी याच गोष्टीवर हसतात, मग मी त्यांना झगा जवळून बघायला लावतो. कापड-दुकानदाराची मुलगी आहे ही. सॅटिनवर घडी पडते तिथे उजेड कसा तुटतो, लेसच्या जाळीतून खालचा रंग किती दिसतो, हे तिला कळत्या वयापासून ठाऊक. तो झगा म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवलेला नमुना आहे: बाईसाहेब, तुमचंही कापड मी असंच रंगवीन. मागच्या अंधारात पाजूने केलेला तिच्या वडिलांचा अर्धपुतळा ठेवला आहे. स्त्रियांच्या त्या खोलीत पुरुष काय तो तेवढाच.

आणि त्या दोन मुली. अकादमीत चौघींच्या वर जागा नाही, असा नियम होऊन पंधरा वर्षं झालेली. कोटा भरलेला. अशा वेळी सालोंच्या भिंतीवर ती दोन शिष्यांना आपल्या खुर्चीमागे उभं करते. तिच्याकडे एकूण नऊ मुली शिकत होत्या. त्याच सुमारास तिला लुव्ह्रमध्ये, जो तेव्हा राजवाडा होता, राहायला आणि स्टुडिओला जागा हवी होती, जी अकादमीच्या पुरुष सदस्यांना मिळत असे. आंजिव्हिलेने अडवलं: तिच्याकडे तरुण मुली येतात, लुव्ह्रच्या अंधाऱ्या बोळांतून त्यांनी ये-जा करणं बरं दिसणार नाही. त्याऐवजी वर्षाला 1000 लीव्ह्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) पेन्शन दिली. जागा मिळाली ती दहा वर्षांनी, राजा आणि आंजिव्हिले दोघेही सत्तेवरून गेल्यावर, 1795 मध्ये.

तिसरी शंका, संधिसाधूपणाची. इथे जरा सावकाश जाऊ या, कारण 'राजघराण्याची चित्रकार' म्हटलं की सगळे एकाच ओळीत बसवले जातात.

1787 मध्ये ती 'मेस्दाम'ची अधिकृत चित्रकार झाली. मेस्दाम म्हणजे पंधराव्या लुईच्या अविवाहित मुली, सोळाव्या लुईच्या आत्या. राणी मारी आंत्वानेतशी त्यांचं जमत नसे. राणीची चित्रकार व्हिजे ल ब्रँ. 1783 मध्ये तिने राणीला साध्या मलमलच्या झग्यात रंगवलं तर लोकांनी इतका गहजब केला की चित्र सालोंमधून काढावं लागलं. आत्यांना नेमकं उलट हवं होतं: धर्म, घराण्याची परंपरा, कर्तव्य. व्हर्सायमधलं मादाम आदेलाईदचं चित्र बघा. पंचावन्न वर्षांची राजकन्या ईझलशेजारी उभी आहे, ईझलवर तिने केलेलं तिच्या दिवंगत आई, वडील आणि भावाचं एकत्र चित्र. भिंतीवरच्या उठावशिल्पात मरणशय्येवरचा पंधरावा लुई आणि देवीच्या रोगाची पर्वा न करता त्याच्याकडे धावलेल्या मुली. स्टुलावर मठाचा नकाशा. एवढं सगळं एका चित्रात कोंबायचं आणि तरी बाईचा चेहरा जिवंत ठेवायचा, हे काम सोपं नाही. बसणारीला जगाला काय सांगायचं आहे ते चित्रकाराने ऐकून घेतलं आहे. पोर्ट्रेटचा धंदा करणारे हेच करतात.



1788 मध्ये राजाच्या धाकट्या भावाने, कॉम्त द प्रोव्हाँसने, तिला आयुष्यातलं सर्वांत मोठं काम दिलं: सँ-लाझार या सरदारी संघात एका नव्या सदस्याला दीक्षा देण्याचा समारंभ. अनेक माणसं असलेलं अवाढव्य चित्र. पोर्ट्रेटकाराच्या शिडीवरून ऐतिहासिक चित्राच्या पायरीवर चढायची ही तिची संधी होती, जी नियमाने तिला मिळालीच नसती. अडीच वर्षं ती त्यावर काम करत होती.

मग क्रांती. व्हिजे ल ब्रँ 1789 च्या ऑक्टोबरात देश सोडून गेली. मेस्दाम 1791 मध्ये रोमला निघून गेल्या, प्रोव्हाँसही पळाला. लाबीय-गियार थांबली. तिची सगळी जुनी गिऱ्हाइकं गेलेली, पैसे थकलेले. आणि 1791 च्या सालोंमध्ये तिने क्रांतीतून आलेल्या राष्ट्रीय सभेच्या डझनभराहून जास्त सभासदांची पोर्ट्रेटं टांगली. त्यात रोबेस्पियर, आणि नेपोलियनशी पुढे लग्न झालेल्या जोसेफिनचा त्या वेळचा नवरा आलेक्सांद्र द बोआर्ने.

संधिसाधू? तिच्या वागण्यातली एक रेषा मात्र आधीपासूनची आहे, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. सप्टेंबर 1790 मध्ये, राजा अजून गादीवर असताना, तिने अकादमीच्या सभेत उठून मागणी केली की बायकांची संख्या ठरवूच नका, मर्यादा काढून टाका. गरीब मुलींना कला शिकवून पोटापाण्याला लावायची एक योजना तिने राष्ट्रीय सभेचा सभासद ताल्लेरां याच्याकडे दिली होती, आणि त्याने शिक्षणावरच्या आपल्या अहवालात तिची दखल घेतली. म्हणजे आत्यांची चित्रं काढताना आणि सभासदांची काढताना ती एकाच गोष्टीच्या मागे होती. राजवट बदलली म्हणून तिचं मत बदललं असं दिसत नाही. तिला नव्या लोकांकडून काही मिळेल असं वाटलं असावं. फारसं मिळालं नाही. ऑगस्ट 1793 मध्ये अकादमीच बरखास्त झाली, आणि त्याच महिन्यात हुकूम निघाला की प्रोव्हाँससाठी केलेलं ते मोठं चित्र जाळायला सुपूर्द करा. केलं. संधिसाधूचा हिशेब सहसा यापेक्षा बरा जमतो.

त्यानंतरचं थोडक्यात. क्रांतीतल्या दहशतीचा, म्हणजे सरसकट शिरच्छेदांचा, बराच काळ ती पॅरिसबाहेर पोंतो गावी होती, बरोबर व्हँसाँ आणि कापे. क्रांतीने घटस्फोटाचा कायदा आणला होता, त्याचा उपयोग करून 1793 मध्ये ती गियारपासून मोकळी झाली; पुढे, मृत्यूच्या काही वर्षं आधी, व्हँसाँशी लग्न केलं. परत येऊन पोर्ट्रेटं केली, पण छोटी, खाजगी. एप्रिल 1803 मध्ये गेली.

प्रबंधाच्या मांडणीबद्दल विचारलं आहेत म्हणून सांगतो. जन्म-शिक्षण-लग्न अशी प्रकरणं पाडू नका. 1782 ची पेस्टलं, 1785 चं आत्मचित्र, 1787 चं मादाम आदेलाईद, 1791 चे सभासद: या चार जागांवर थांबा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की समोर कोण आहे आणि त्या बैठकीतून दोघांना काय मिळालं. व्हिजे ल ब्रँ हवी असेल तर 1783 आणि 1787 मध्ये आणा, सालों एकच होता म्हणून. बाकी ठिकाणी तिची गरज नाही. रंगांबद्दल लिहिताना जपून. पेस्टलचे फोटो स्क्रीनवर फार फसवतात, निळे जास्त गडद दिसतात, आणि काचेमुळे पोत हरवतो. मूळ चित्र पाहता येणार नसेल तर लुव्ह्र आणि मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराच्या प्रतिमा आहेत. त्या पूर्ण मोठ्या करून हात आणि बाह्यांच्या कडा बघा, चेहरा नंतर.

आणि एक चित्र यादीत वाढवा, तिचं नव्हे, कापेचं. 1808 मध्ये, गुरू जाऊन पाच वर्षं झाल्यावर, कापेने तिचा स्टुडिओ रंगवला. ते म्युनिकमध्ये आहे. लाबीय-गियार म्हाताऱ्या व्हियँचं पोर्ट्रेट करते आहे, शेजारी व्हँसाँ उभा, आणि पॅलेटवर रंग लावून देणारी कापे आपल्याकडे बघते आहे. ब्रश लाबीय-गियारच्या हातात आहे. 'व्हँसाँचा हात' या मुद्द्यावर परीक्षकांनी अडवलं तर शिष्येची ही साक्षही पुढे ठेवता येईल, फक्त ती प्रेमापोटी दिलेली आहे हे प्रामाणिकपणे नोंदवा.